खालची माणसं पडत का नाहीत?

दुसरी-तिसरीतल्या मुलाला पृथ्वीचा आकार विचारा. प्रश्न संपायच्या आत ‘गोल’ असं उत्तर येतं. मग पुढचं विचारा: नाकासमोर सरळ, दिवसेंदिवस चालत राहिलास तर कुठे पोचशील? इथे गाडी अडते. कुणी म्हणतं, पृथ्वीच्या टोकाला. तिथून पडशील का? काही जण चक्क ‘हो’ म्हणतात. काही म्हणतात, नाही पडणार, कारण आपण पृथ्वीच्या आत राहतो.

‘आत’ या उत्तरावर मोठी माणसं हसतात आणि विषय तिथेच संपतो. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी तो संपू दिला नाही. त्यांनी अमेरिकेतल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या मिळून 60 मुलांना असेच प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली आणि उत्तरं एकमेकांशी ताडून पाहिली. 1992 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘गोल’ म्हणणाऱ्या कितीतरी मुलांच्या डोक्यातली पृथ्वी वेगळीच निघाली. काहींची पृथ्वी आतून पोकळ होती. तिच्या पोटात सपाट जमीन, जमिनीवर घरं, झाडं, माणसं आणि वर घुमटासारखं आकाश. काहींच्या मते पृथ्व्या दोन: गोल असते ती वर अवकाशात आणि आपण राहतो ती सपाट. काहींनी गोळा वरून जरा चेपून घेतला होता, म्हणजे माणसांना उभं राहायची सोय झाली.

या कल्पना चुकीच्या आहेत, पण आळशी नाहीत. मुलाकडे दोन प्रकारची माहिती असते. मोठी माणसं सांगतात, पृथ्वी गोल आहे. डोळे सांगतात, जमीन सपाट आहे, आणि आधार काढला की वस्तू खाली पडते. दोन्ही खरं मानायचं तर मधला मार्ग काढावाच लागतो, आणि मुलं तो काढतात. याच संशोधकांच्या गटाने पुढे हैदराबादच्या मुलांशी बोलून पाहिलं, तेव्हा पृथ्वी पाण्यावर टेकलेली आहे असं सांगणारी मुलं भेटली. आधार हवाच, ही गरज तिथेही सुटली नव्हती. फक्त तो आधार घरी ऐकलेल्या गोष्टींतून आला होता.

अर्थात या निष्कर्षांवर आक्षेपही आले. ब्रिटनमधल्या काही मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की, प्रश्नच गोंधळात टाकणारे होते. चित्र काढायला सांगण्याऐवजी तयार चित्रांतून किंवा प्रतिकृतींतून निवड करायला दिली, की बरीच लहान मुलंही शास्त्रशुद्ध उत्तराकडे बोट दाखवतात. शिवाय चित्र काढायला लावलं की प्रौढही घोळ घालतात. मुलाच्या मनात खरोखर एक अख्खं विश्व रचलेलं असतं की सुटे तुकडे असतात, यावर म्हणूनच वाद आहे. माझा कल तुकड्यांकडे आहे. पण ‘गोल’ हा शब्द पाठ झाला म्हणजे पृथ्वी समजली असं नव्हे, एवढं दोन्ही बाजू मान्य करतील.

खरी अडचण आकाराची नाहीच, दिशेची आहे. मुलासाठी साऱ्या विश्वाला एकच ‘खाली’ असतं: कागदाच्या वरच्या कडेकडून खालच्या कडेकडे. हे पाहायचं असेल तर एक वर्तुळ काढून द्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असा एकेक माणूस त्यावर उभा करायला सांगा. प्रत्येकाच्या हातात दगड द्या, आणि तो सोडला तर कसा जाईल त्याची रेघ मारायला सांगा. चारही माणसांचे पाय गोळ्याला नीट टेकवणारं मूलसुद्धा खालच्या माणसाचा दगड थेट कागदाच्या तळाशी, म्हणजे अवकाशात, पाठवून देतं. पाय पाहून पाठ थोपटली असती तर मुलाचा खरा विचार कळलाच नसता. तो दगडाने सांगितला.

यावर ‘गुरुत्वाकर्षणामुळे’ हा शब्द फेकून भागत नाही. मूल तो शब्द घेतं आणि ‘खाली ओढणारं काहीतरी’ असा अर्थ लावतं, म्हणजे प्रश्न जिथल्या तिथेच. सांगायला हवं ते असं: पृथ्वीचा प्रत्येक कण आपल्याला स्वतःकडे ओढतो. जवळचे, लांबचे, इकडचे, तिकडचे. या सगळ्या ओढींची बेरीज केली की ती पृथ्वीच्या मध्याकडे जाते. कुठेही उभे राहा, मध्याची दिशा म्हणजे खाली आणि त्याच्या उलट ते वर. जितक्या जागा, तितकी ‘खाली’.

गुरुत्वाकर्षणाचं गणित मांडलं जाण्याच्या पाचशे वर्षं आधी, बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी हा पेच नेमका पकडला होता. ते म्हणतात, जो जिथे उभा असतो, त्याला पृथ्वी आपल्या पायाखाली आहे आणि आपण तिच्या वर आहोत असंच वाटतं. पलीकडच्या बाजूची माणसं आपल्याला उलटी भासतात, तळ्याच्या काठावरच्या माणसाची पाण्यातली प्रतिमा दिसते तशी. पण ती तिथे निर्धास्त उभी असतात, आपण इथे असतो तशीच. मग पृथ्वी सपाट का दिसते? त्याचंही उत्तर त्यांनी दिलंय: वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाटच वाटतो. तिसरीच्या मुलाला यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही.

‘वर’ आणि ‘खाली’ कायमचं ठरलेलं नसतं, याचं एक आधुनिक उदाहरणही आहे. 7 डिसेंबर 1972 रोजी अपोलो 17 मधल्या अंतराळवीरांनी पूर्ण उजळलेल्या पृथ्वीचं जे प्रसिद्ध छायाचित्र टिपलं, त्यात मुळात दक्षिण ध्रुव वर होता. प्रसिद्ध करताना ते फिरवून उत्तर वर करण्यात आलं. चित्रात काहीच बिघडलं नाही, कारण अवकाशात वरची बाजू अशी नसतेच. हे छायाचित्र मुलांना दोन्ही बाजूंनी दाखवावं.

हातात पृथ्वीगोल असेल तर त्याहून चांगला प्रयोग करता येतो. गोल स्टँडवरून काढा आणि एका वाडग्यावर ठेवा. आपण राहतो ती जागा बरोबर माथ्यावर येऊ द्या आणि उत्तर ध्रुवाचं टोक उत्तरेकडे वळवा. आता हा गोल खऱ्या पृथ्वीसारखाच, तिच्याच कलाने ठेवलेला आहे. तो उन्हात न्या. त्याचा जेवढा भाग उजळलेला दिसेल, तेवढ्याच भागात त्या क्षणी खरोखर दिवस असतो. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरच्या देशांत त्याच वेळी कुठे सूर्य उगवत असतो, कुठे मावळत असतो. काडेपेटीच्या काड्यांचे छोटे तुकडे मातीने ठिकठिकाणी उभे चिकटवले, की त्यांच्या सावल्या त्या त्या देशातल्या सावल्यांची दिशा दाखवतात. काडी म्हणजे माणूस धरला, तर आपली काडी ताठ उभी असते, बाजूच्या देशांतल्या आडव्या, तळाच्या उलट्या. मुलाने विचारलं, ‘ही पडत नाहीत का?’, तर उत्तर न देता गोल फिरवून ती माणसं माथ्यावर आणा. आता आडवे आपण झालो.

गोल पुन्हा जागेवर आणून तासाभराने पाहा. उजेडाची सीमा पश्चिमेकडे सरकलेली असते, तासाला 15 अंश. मुलाने गोल फिरवलेला नसतो, सूर्य फिरत नाही हे त्याने ऐकलेलं असतं. मग सीमा सरकली कशी? गोल ज्या जमिनीवर ठेवलाय ती जमीनच फिरली. रात्र का होते, या प्रश्नाला अनेक मुलं ‘सूर्य डोंगरामागे जातो’ किंवा ‘चंद्र येतो म्हणून’ असं उत्तर देतात. चंद्राचं कारण तर सहज निकालात काढता येतं. भर दिवसा आकाशात दिसणारा अर्धा चंद्र दाखवला की झालं.

पुस्तकातल्या चित्रांचा दोष मात्र सहज जात नाही. एका पानात सूर्य, पृथ्वी आणि चंद्र बसवायचे म्हणजे अंतरांचा बळी जाणारच. 22 सेंटिमीटर व्यासाचा फुटबॉल पृथ्वी मानला, तर चंद्र साधारण 6 सेंटिमीटरचा चेंडू होतो. तो किती लांब धरायचा, हे मुलांना आधी ओळखायला सांगावं. बहुतेक जण हातभर अंतरावर धरतात. बरोबर अंतर आहे साडेसहा मीटरहून थोडं जास्त, म्हणजे 30 पृथ्व्या ओळीने मांडल्या तर मावतील इतकं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर आहे, ते याच फुटबॉलपासून अवघ्या 7 मिलिमीटरवर येतं. हे ऐकून मोठ्यांचेही चेहरे बदलतात. तिथे गुरुत्वाकर्षण संपत नाही, जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के असतं. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचं यान एकत्रच पृथ्वीभोवती पडत राहतात. आणि सूर्य? 24 मीटर व्यासाचा, अडीच किलोमीटरहून लांब. वर्गात तो मांडायचा प्रश्नच येत नाही.

ऋतूंच्या आकृतीने तर याहून मोठा घोटाळा केलाय. तिच्यात पृथ्वीची कक्षा बाजूने पाहिल्यासारखी, लांबट अंडाकार काढतात, आणि सूर्य जवळ आला की उन्हाळा अशी समजूत घट्ट बसते. 1980च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात ऋतूंचं कारण विचारलं, तेव्हा बहुतेकांनी हेच अंतराचं उत्तर दिलं होतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन उत्तरेकडच्या हिवाळ्यात, आणि सर्वांत लांब जुलैमध्ये. 15 सेंटिमीटर रुंदीची कक्षा खऱ्या प्रमाणात काढली, तर तिच्या लांबी-रुंदीत मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका फरक पडतो. पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. थोडक्यात, ते वर्तुळच दिसायला हवं.

ऋतूंचं खरं कारण आहे पृथ्वीच्या अक्षाचा 23.4 अंशांचा कल. पण तो प्राथमिक वर्गात शिकवायची घाई करू नये, असं माझं मत आहे. त्यासाठी एकाच वेळी दोन फिरणाऱ्या गोष्टी आणि एक न बदलणारी दिशा डोक्यात धरावी लागते, ते सातव्या वर्षी जड जातं. पण उन्हातला तो गोल वर्षातून दोनदा बाहेर काढायला काहीच हरकत नाही. जूनमध्ये दिवसाच्या कुठल्याही वेळी पाहिलं तरी उत्तर ध्रुव उजेडातच असतो. डिसेंबरमध्ये तो दिवसभर सावलीत जातो, आणि दक्षिण ध्रुव वाकून पाहिला तर तिथे ऊन पडलेलं असतं. हे ‘का’, असं मुलाने स्वतःहून विचारलं, की अक्षाच्या कलाचा विषय काढायची वेळ झाली.