सायलेन्सर म्हणजे अर्धं इंजिन

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याचा फोटो पेपरात अधूनमधून येतोच. परवा तो बघून पुतण्या म्हणाला, "काका, आजोबांच्या जुन्या बजाज चेतक स्कूटरला 177 सीसीचं किट, म्हणजे मोठा पिस्टन आणि ब्लॉक, टाकतोय. सायलेन्सरही मोकळा करतो. आवाज सुटला की पॉवर आपोआप येते." या शेवटच्या वाक्यासाठी हा लेख.

आधी किट. चेतकच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 57 मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली धावही 57. गुणाकार केला की 145 सीसी. बोर 63 केला की 177. वाढ अवघी 6 मिलिमीटर, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून धारिता 22 टक्क्यांनी जास्त. व्हेस्पाच्या 150 साठी अशी किटं मिळतात. चेतक त्याच घराण्यातली असली, तरी ब्लॉकमधली भोकं आणि इंजिनाच्या केसचं तोंड जुळतं का, हे ब्लॉक उतरवल्यावरच कळतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. चेतकसारख्या टू-स्ट्रोकला सिलिंडरच्या डोक्यात व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन खाली जाताना ब्लॉकमधली भोकं, म्हणजे पोर्ट, स्वतःच उघडतो. आधी धुराचा पोर्ट, मग ताज्या मिश्रणाचा. वर येताना क्रम उलटा: धुराचं दार शेवटी बंद होतं. म्हणजे थोडा वेळ आत आलेलं पेट्रोल सरळ बाहेर पळू शकतं. त्याला अडवायचं कुणी? दाबाच्या लाटेने.

पोर्ट उघडताच दाबाची लाट नळीतून धावते. नळी सनईच्या तोंडासारखी रुंदावत गेली, तर परत येते ती उलटी लाट, म्हणजे ओढ. ती उरलासुरला धूर शोषते आणि थोडं ताजं मिश्रणही नळीत खेचते. पुढे नळी नरसाळ्यासारखी निमुळती झाली, तर तिथून दाबाचीच लाट परत फिरते आणि ते पळालेलं मिश्रण दार मिटायच्या आत पुन्हा ब्लॉकमध्ये कोंबते.

सगळा खेळ वेळेचा. 6000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 6000 फेऱ्यांना, एक फेरा 10 मिलिसेकंदांचा. धुराचा पोर्ट फेऱ्याच्या 360 पैकी समजा 160 अंश उघडा राहतो, म्हणजे साधारण 4.4 मिलिसेकंद. गरम धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला 500 मीटर धरला, तर एवढ्या वेळात लाट 2.2 मीटर धावेल. जाऊन-येऊन, म्हणून नळी 1.1 मीटर. 8000 ला हीच लांबी 83 सेंटीमीटर. 8000 साठी कापलेल्या नळीत 4000 ला लाट फार लवकर परतते. दार अजून सताड उघडंच असतं, आणि कोंबलेलं पुन्हा निसटतं.

हे गणित पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वाल्टर काडेनने पक्कं बसवलं. 1961 मध्ये त्याचं 125 सीसीचं इंजिन 25 अश्वशक्ती देत होतं. चेतक जास्त सीसीतून साधारण साडेसात देते. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. 1962 मध्ये 50 सीसीचं जगज्जेतेपद डेग्नर आणि सुझुकीने घेतलं.

तेव्हा सायलेन्सर फोडून लाटेचा आरसाच काढून टाकला, तर उरतो फक्त आवाज. टाकीत डांबरगोळ्या टाकणं किंवा पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधणं याच पंथातलं. हँडलच्या लिंबू-मिरचीने निदान प्लग तरी काळा होत नाही.

निवड करायचीच, तर आधी आरपीएम ठरवा. चारच गिअर, तिसऱ्या-चौथ्यात मोठी दरी आणि मागे डबलसीट. अशा गाडीला शर्यतीची नळी लावली, तर चौथा टाकताच आरपीएम कोसळतो आणि इंजिन मलूल होतं. मी सौम्य पोर्टचं 177 आणि साधा डब्बा सायलेन्सर घेईन. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक, मात्र वाढवायलाच हवा. प्लग चॉकलेटी निघाला तर ठीक, पांढरा निघाला तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी, आणि पिस्टन सीझ होण्याच्या, म्हणजे अडकून बसण्याच्या वाटेवर.

पुतण्याने तूर्त जुना सायलेन्सर काढून ठोकला. आतून वाटीभर काजळी निघाली. नळी साफ करून बसवल्यावर परवा कात्रजचा घाट, नेहमी दुसऱ्यात रडणारा, तिसऱ्यात चढला. किट दिवाळीनंतर बघू म्हणतोय.