नाग नदी

नाग नदी : नागपूर शहराच्या मधून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी लहान नदी. शहरातील लांबी सु. १७ किमी. वाडीजवळच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांत उगम पावून ती अंबाझरी तलावात येते. तलावाच्या सांडव्यापासून पुढे धंतोली, मोक्षधाम घाट, अशोक चौक, जगनाडे चौक अशी वाट काढत ती भांडेवाडीकडे जाते. गोरेवाड्याकडून आलेली पिवळी नदी तिला पूर्वेस मिळते. त्यानंतर नाग कन्हानला आणि कन्हान अंभोरा येथे वैनगंगेला मिळते.

नदीच्या नावाबद्दल मतभेद आहेत. प्रवाह नागमोडी म्हणून नदी ‘नाग’ आणि नदीवरून ‘नागपूर’, ही उपपत्ती सर्वांत परिचित आहे. इंपीरियल गॅझेटियरनेही शहराचे नाव नदीवरूनच आल्याचे नोंदवले आहे. मात्र राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या देवळी ताम्रपटात (शके ८६२, इ. स. ९४०) ‘नागपुर-नंदिवर्धन’ या विषयाचा, म्हणजे प्रशासकीय विभागाचा, उल्लेख येतो. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, हे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांचे मत सामान्यतः मान्य आहे. जोडनावातले ‘नागपुर’ आजच्याच जागी होते असे त्यावरून निश्चित म्हणता येत नसले, तरी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून शहर वसवले, तेव्हा हे नाव या परिसरात नवे नव्हते एवढे खरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात नदीचा संबंध तिच्या काठी राहणाऱ्या नाग लोकांशी जोडला होता. लोकसमूहावरून नाव पडणे अधिक संभवनीय वाटते. वळणांवरून पडले म्हणावे, तर आसपासचे बहुतेक ओढेही तसेच वाकडे वाहतात.

अंबाझरीचे बांधकाम १८७० मध्ये भोसले राजवटीत झाले असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते ग्राह्य धरता येत नाही, कारण शेवटचे भोसले राजे तिसरे रघुजी १८५३ मध्ये निवर्तले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. मूळ तलाव भोसलेकालीन आणि बांधाची वाढ इंग्रजी अमलातली, असे मानणे योग्य ठरेल. हे काम अभियंता अलेक्झांडर बिनी यांच्या देखरेखीखाली झालेल्या, १८७३ मध्ये पूर्ण झालेल्या नागपूर पाणीपुरवठा योजनेचा भाग होते.

या कामाच्या निमित्ताने बिनी यांनी १८६९ ते १८७२ या काळात नागपूरजवळच्या सु. १६ चौ. किमी. पाणलोटात, बहुधा अंबाझरीच्याच, पाऊस आणि वाहून येणारे पाणी यांची मोजणी केली. तिच्यावरून तयार झालेली ‘बिनीची टक्केवारी’ विदर्भ व मध्य प्रदेशात तलावांची आवक काढण्यासाठी दीर्घकाळ वापरात राहिली. तिच्यानुसार वर्षाला ५०० मिमी. पाऊस झाला, तर त्यातील १५ टक्के पाणी वाहून येते, ११०० मिमी. झाला, तर ४० टक्के. म्हणजे पाऊस सुमारे सव्वादोनपट होताच आवक जवळजवळ सहापट होते. सुरुवातीचे पाणी कोरडी जमीन पिऊन घेते. ती भिजून तृप्त झाली, की पुढच्या सरींचा मोठा हिस्सा प्रवाहात उतरतो. देशभर शिकवल्या जाणाऱ्या जलविज्ञानात या छोट्या नदीचा एवढा वाटा आहे, ही बाब खुद्द नागपुरातही फारशी माहीत नाही, याची खंत वाटते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिमी.हून अधिक पाऊस पडला. अंबाझरी ओसंडला आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी आदी वस्त्यांत तळमजले बुडाले. काही जणांचे प्राण गेले. पात्रालगतची जमीन बांधकामांनी व्यापल्यामुळे पाण्याला पसरायला जागा उरलेली नव्हती.

शहरात तिला सर्रास ‘नाग नाला’ म्हणतात. उन्हाळ्यात पुलावरून पाहिले, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून राखाडी, फेसाळ पाणी संथ सरकताना दिसते. ते मुख्यतः सांडपाणीच असते. यातील काही सांडपाणी भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला पुरवले जाते. उरलेले कन्हान-वैनगंगेमार्गे गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात पोचते. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली २०२१ मध्ये नागच्या प्रदूषण निर्मूलनासाठी २,११७.५४ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला. मलवाहिन्यांचे जाळे दुरुस्त करणे व शुद्धीकरण केंद्रांची क्षमता वाढवणे ही त्यातील मुख्य कामे होत.