शब्द आठवायचा कष्ट

जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना ४० स्वाहिली शब्द पाठ करायला दिले. ‘मशुआ’ म्हणजे होडी, अशा जोड्या. आधी वाचायच्या, मग अर्थ आठवून लिहायचा, असे फेरे. चार गटांत फरक एवढाच होता की एकदा बरोबर आलेला शब्द पुढे वाचायला द्यायचा की विचारायचा, दोन्ही करायचं की काहीच नाही. शेवटच्या फेरीपर्यंत सगळ्या गटांची यादी पाठ झाली होती.

आठवड्यानं परीक्षा झाली. ज्यांना शब्द विचारले जात राहिले, त्यांना ८० टक्के आठवले. ज्यांना विचारणं थांबवलं होतं, त्यांना ३३ ते ३६ टक्के. वाचन चालू होतं की बंद, यानं जवळपास काहीच फरक पडला नाही! २००८ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या या निबंधातला मला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. आठवड्यानंतर किती आठवेल, असं मुलांना आधीच विचारलं होतं. चारही गटांचा अंदाज एकच: निम्मे.

म्हणजे आपल्याला काय येतं, हे आपलं आपल्यालाच नीट कळत नाही. यादी पुन्हा वाचताना शब्द ओळखीचा वाटतो आणि ‘हा येतोय’ असं वाटून आपण पुढे जातो. अर्थ झाकून आठवताना मात्र मेंदूला तो शोधावा लागतो, आणि हा शोधच स्मरण पक्कं करतो. घोकंपट्टीला नावं ठेवायची आपली सवय आहे. पण पुस्तक मिटून म्हणून दाखवणं हा तिच्यातला कामाचा भाग होता.

शब्द पहिल्यांदा मनात शिरावा म्हणून वेगळी युक्ती आहे. जर्मनमध्ये डब्याला ‘डोझं’ म्हणतात. मराठी माणसानं डब्यात कोंबलेला डोसा डोळ्यांपुढे आणायचा, की झालं. अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये १२० रशियन शब्दांवर ही युक्ती तपासली. ती वापरणाऱ्यांना ७२ टक्के शब्द आले, इतरांना ४६. सहा आठवड्यांनी मात्र हेच आकडे ४३ आणि २८ वर आले. चित्र कितीही मजेदार असलं तरी उजळणी चुकत नाही.

ती कधी करायची? अमेरिकेतल्या बाहरिक कुटुंबातल्या चौघांनी परक्या भाषेतले शब्द शिकत स्वतःवरच वर्षानुवर्षं प्रयोग केला. ५६ दिवसांच्या अंतरानं केलेल्या १३ उजळण्या १४ दिवसांच्या अंतरानं केलेल्या २६ उजळण्यांच्या तोडीस तोड ठरल्या. भाषेच्या तीन महिन्यांच्या कोर्सात एवढं अंतर बसवणं कठीणच. पण तासाची पहिली पाच मिनिटं मागच्या महिन्याच्या धड्यातले शब्द, पुस्तक मिटून, विचारायला कुठल्याच शिक्षकाची हरकत नसावी. मार्क मात्र देऊ नयेत.