नागपुरातले परभाषेचे वर्ग: 'कोविद'पासून 'बी१'पर्यंत

धरमपेठेतल्या एखाद्या जुन्या घरात आजोबांच्या कपाटात हिंदीच्या राष्ट्रभाषा 'कोविद' परीक्षेचं प्रमाणपत्र सापडतं आणि नातीच्या मोबाइलमध्ये जर्मनच्या ए२ पायरीच्या परीक्षेचा निकाल. मध्ये साठ-सत्तर वर्षं गेली, पण वर्गाची तऱ्हा फारशी बदललेली नाही. संध्याकाळची वेळ, भाड्याची खोली, पायरीपायरीने परीक्षा, आणि शिकवायला दोन पायऱ्या वर चढलेला कुणीतरी. नागपुरात परभाषा कधी निव्वळ हौसेपोटी आली नाही. दर वेळी तिच्यामागे काहीतरी गरज होती: दरबाराची, मिशनची, चळवळीची, कारखान्याची, आता व्हिसाची. गरज आली की विद्यार्थ्यांची सोय झाली. शिक्षकाच्या शिकण्याचं काय, हा प्रश्न मात्र दर वेळी मागे पडला.

भोसल्यांच्या दरबारात फारसी आणि मोडी ही रोजच्या कामाची साधनं होती. १७९९ ते १८०१ या काळात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून इथे राहिलेला हेन्री टॉमस कोलब्रुक पुढे युरोपातला संस्कृतचा मोठा अभ्यासक ठरला, आणि १८०५ साली त्याचा वेदांवरचा निबंध छापून आला. नागपुरात तो राजकारणासाठी आला होता हे खरं, पण परक्या माणसाने इथल्या भाषेकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याचा मामला त्याच्या नावापासून मांडता येतो.

१८४५ मध्ये स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आला. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून त्याचं नाव झालं, पण भाषेच्या बाबतीत त्याचं काम जास्त टिकाऊ आहे. मध्य प्रांतातल्या आदिवासींविषयीची टिपणं, अनेक बोलींच्या शब्दांचे तुलनात्मक तक्ते आणि गोंडांच्या परधान गायकाच्या तोंडून उतरवलेलं त्यांच्या लिंगो या पुराणपुरुषाचं गोंडी गीत त्याने जमवलं होतं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना तो नदीत बुडाला. कागद मागे राहिले. मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ते संपादून १८६६ मध्ये छापले. हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालं. योगायोग असा की फ्रेंच जगभर शिकवणाऱ्या आलियांस फ्रांसेजची स्थापनाही पॅरिसमध्ये त्याच वर्षीची. १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज आलं आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ. कॉलेजात भाषा म्हणजे इंग्रजी, संस्कृत, फारसी आणि देशी भाषा. गोंडी ऐकून लिहून घेण्याची हिस्लॉपची पद्धत या वर्गखोल्यांत शिरली नाही. भाषा पुस्तकातून शिकायची, तोंडाने नाही, ही सवय तिथेच पक्की झाली. आजही ती सुटलेली नाही.

पहिली खरी लाट वर्ध्याहून आली. १९३६ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि तिने परीक्षांची शिडी लावली: प्राथमिक, प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद, रत्न. प्रश्नपत्रिका वर्ध्याच्या, केंद्र गावातल्या शाळेत, आणि वरची परीक्षा झालेला प्रचारक खालचीचे वर्ग घेणार. युरोपने परभाषेसाठी ए१ (सर्वांत खालची) ते सी२ (सर्वांत वरची) अशा सहा पायऱ्या २००१ मध्ये जाहीर केल्या. आपल्याकडे ती कल्पना पाऊणशे किलोमीटरवर आधीपासून चालू होती, हे इथले क्लासवाले सहसा सांगत नाहीत. फरक एक आहे, आणि तो मोठा आहे. वर्ध्याची शिडी काय वाचलं यावर मोजायची. युरोपची शिडी काय करता येतं यावर मोजते: दुकानात भाव विचारता येतो का, डॉक्टरला दुखणं सांगता येतं का, बातमी ऐकून सारांश देता येतो का.

फाळणीच्या आगेमागे भाषापंडित डॉ. रघुवीर यांनी लाहोरची आपली संस्था नागपूरला आणली. चिनी, मंगोल, तिबेटी, इंडोनेशियातल्या भाषा आणि त्यांचं भारताशी असलेलं नातं हा त्या संस्थेचा विषय. शिवाय प्रांतिक सरकारसाठी पारिभाषिक शब्दांचं कामही त्यांच्याकडे होतं. त्यांनी घडवलेल्या शब्दांची टिंगलही झाली, तरी आज सरकारी हिंदीत त्यातले पुष्कळ शब्द निमूटपणे वापरात आहेत. नंतर संस्था दिल्लीला गेली, ते साल १९५६. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळला गेली. राजधानीबरोबर ग्रंथ, भाषांतर खाती आणि भाषा जाणणारी माणसंही शहरातून निघाली. परभाषेच्या दृष्टीने नागपूरची ही खरी पडझड. तिच्याबद्दल मात्र फार कमी लिहिलं गेलं आहे.

त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि शहराला एक वेगळी भाषा मिळाली. वंदना पाली, त्रिशरण-पंचशील पाली. पाली ही एरवी विद्यापीठाच्या कोपऱ्यातली भाषा. इथे ती घराघरांत तोंडपाठ झाली, मग विद्यापीठात विषय झाली. तिच्यामागून श्रीलंका, थायलंड, म्यानमार, जपान इथले भिक्खू आणि उपासक येत राहिले. जपानहून साठच्या दशकात आलेले भदंत सुरई ससाई इथलेच झाले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस १९९९ मध्ये जपानी मदतीने उभं राहिलं. उत्तर नागपुरातल्या मुलांना जपानीचं आकर्षण वाटतं त्याला ही पार्श्वभूमी आहे, नुसते कार्टून नव्हे. शिकवण्याच्या बाजूने मात्र एक अडचण राहिली. पाली पाठ असणं आणि पाली वाचता येणं यात मोठं अंतर आहे. विभक्ती आणि धातुरूपं न शिकवता वंदनाच घोकून घेणारे वर्ग पदविकेला पोचेपर्यंत रिकामे होतात.

हिंदीनेही एक फेरा नागपुरात पूर्ण केला. पहिलं विश्व हिंदी संमेलन १० जानेवारी १९७५ पासून इथे भरलं. उद्घाटन इंदिरा गांधींनी केलं आणि मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम प्रमुख पाहुणे होते. वर्ध्याला आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ व्हावं ही मागणी तिथेच झाली आणि १९९७ मध्ये ते प्रत्यक्षात आलं. ठरावापासून विद्यापीठापर्यंत बावीस वर्षं! परदेशी विद्यार्थी हिंदी शिकायला वर्ध्याला येतात. म्हणजे 'परभाषा' हा शब्द इथे दोन्ही बाजूंनी चालतो. त्याच १९९७ मध्ये रामटेकला कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ झालं.

बाकीच्या भाषांचं पान थोडक्यात. भिलाईला सोव्हिएत मदतीचा पोलाद कारखाना, त्यामुळे रशियन. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला जाणारी मुलं. विद्यापीठाचे प्रमाणपत्र आणि पदविकेचे वर्ग. आणि फ्रेंच, जी शाळा-कॉलेजात 'स्कोअरिंग' म्हणून घेतली जाते आणि बारावीनंतर विसरली जाते.

शाळेतल्या जर्मनची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. २०११ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेने गेटे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा शिकवणाऱ्या जर्मनीच्या संस्थेशी करार केला आणि सहावी ते आठवीत तिसरी भाषा म्हणून जर्मन आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये, सत्राच्या मधोमध, तिच्या जागी संस्कृत किंवा दुसरी भारतीय भाषा घेण्याचा निर्णय झाला. त्रिभाषा सूत्रात परदेशी भाषा तिसरी म्हणून बसत नाही, हे कायद्याच्या अंगाने पटण्यासारखं होतं. पण अडीच वर्षं जर्मन शिकलेल्या मुलाच्या हाती काय उरलं? आणि त्याहून बिकट म्हणजे, जे शिक्षक जर्मनसाठी घडवले गेले होते ते शाळेबाहेर पडले. आज खासगी क्लासांत जर्मन शिकवणाऱ्यांत असे बरेच जण भेटतात. शाळेने नाकारलेलं प्रशिक्षण बाजाराच्या कामी आलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन यांची नावं आहेत. शिकवणार कोण, याची तजवीज शाळेने करायची आहे.

आता सध्याच्या लाटेकडे. जर्मनीला पती किंवा पत्नीकडे जायचं तर ऑगस्ट २००७ पासून साधारणपणे ए१ लागतं. परिचारिकेला तिथे नोंदणीसाठी सहसा बी२ मागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला आणि १०,००० कुशल तरुण पाठवण्याचं उद्दिष्ट सांगितलं. जपानच्या 'विशेष कुशल कामगार' परवान्यासाठी २०२१ च्या भारत-जपान करारानंतर जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा चालते. जेएफटीत २५० पैकी २०० गुण हवेत.

या आकड्यांचा वेळेशी हिशेब मांडावा लागतो, आणि इथेच पालक फसतात. गेटेच्या अंदाजाने ए१ ला ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात. आठवड्याला तीन संध्याकाळी दीड-दीड तास, म्हणजे आठवड्याला असे सहा तास झाले. १२० तास धरले तरी वीस आठवडे. 'पंचेचाळीस दिवसांत ए१' ही पाटी तेवढ्याच वेळात खरी करायची तर रोज दोन-अडीच तासांचा वर्ग आणि घरी तेवढाच अभ्यास हवा. बी१ ला ३५० ते ६५० तास लागतात, तेव्हा याच गतीने एक ते दोन वर्षांची तयारी ठेवावी.

परीक्षेची रचना न समजल्याने होणारं नुकसान आणखी वेगळं. गेटेच्या ए१ मध्ये १०० पैकी ६० मिळाले की पास. नापास झालं तर पुन्हा सगळं. बी१ मध्ये वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चार भाग सुटे आहेत, प्रत्येकात ६० हवेत, पण ज्यात अडलं तेवढाच भाग परत देता येतो. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत एकूण १०० पैकी ५० हवेत आणि चारही भागांत २५ पैकी किमान ५. जपानीच्या एन४ ला १८० पैकी ९० पुरतात, पण श्रवणात ६० पैकी १९ च्या खाली गेलं तर एकूण १२० असूनही नापास. नागपूरची मुलं इथेच जास्त गळतात. क्लासात व्याकरणाचे तक्ते भरपूर, ध्वनिफीत महिन्यातून एकदा, तीही मोबाइलच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून.

बी१ च्या संभाषणात उमेदवार जोडीने बसतात. आधी दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, मग पाच पानांचं सादरीकरण: विषय, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली स्थिती, फायदे-तोटे, समारोप. क्लासने पाठ करून घेतलेलं सादरीकरण बहुतेक मुलं खडाखडा म्हणतात. त्यानंतर समोरचा जोडीदार एक साधा प्रश्न विचारतो आणि गाडी थांबते. पाठ केलेल्या भाषेला प्रश्न झेपत नाही.

मराठी मुलाजवळ काही भांडवल असतं, ते बहुतेक वर्गांत वापरलं जात नाही. जर्मन 'त्साइट' मधला पहिला आवाज आपल्या 'चाक'मधला च आहे, 'चिमणी'मधला नव्हे. हे एकदा सांगितलं की उच्चार मिनिटात बसतो. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी, हे ऐकून इंग्रजीतून शिकणारे हसतात. 'ते पोरगं' म्हणणाऱ्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. जपानी तर वाक्यरचनेत आपल्या अंगणातली: 'वाताशि वा गाक्को नि इकिमास', मी-शाळे-त-जातो. प्रत्यय नामाच्या मागे, क्रियापद शेवटी. पण तेच जपानी देवनागरीत लिहून घेण्याची सवय घात करते. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची ४६-४६ अक्षरं पहिल्या तीन आठवड्यांत हातात बसली नाहीत तर पुढचं कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, डोक्यावरून जातं. 'ओबासान' म्हणजे काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक कानाला वेळीच कळला नाही तर श्रवणाचे ते १९ गुणही दुरावतात.

शिक्षकांसाठी दारं आहेत, ती शहराबाहेर उघडतात. गेटेचा शिक्षक-प्रशिक्षणाचा 'डॉयच लेरेन लेर्नेन' हा कार्यक्रम घटकांमध्ये विभागलेला आहे आणि मोठा भाग ऑनलाइन होतो, तरी वर्गातला छोटा प्रयोग करून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०१७ च्या भारत-जपान करारात पाच वर्षांत १,००० जपानी शिक्षक घडवण्याचं उद्दिष्ट होतं आणि त्यासाठी २०१८ मध्ये दिल्लीत प्रशिक्षण केंद्र झालं. पुण्यात जपानी शिक्षकांची 'जाल्टाप' ही संघटना आहे. हैदराबादचं इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ १९५८ मध्ये इंग्रजीची संस्था म्हणून सुरू झालं, १९७२ मध्ये त्यात परदेशी भाषा आल्या. नागपूरहून ते पुण्यापेक्षा जवळ आहे, पण नागपूरकर परभाषेसाठी सवयीने पुण्याकडेच बघतो. उलट बाजूला, मराठी शिकवायला शिकायचं तर पुण्यातलं पश्चिम विभागीय भाषा केंद्र आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचं हे केंद्र सेवेतल्या शिक्षकांना दुसरी भारतीय भाषा शिकवतं आणि तिथला वर्ग दहा महिन्यांचा असतो.

क्लास लावण्याआधी म्हणून फीपेक्षा दोन गोष्टी आधी विचाराव्यात: शिकवणाऱ्याची स्वतःची पातळी कोणती आणि ती कोणत्या साली मिळाली, आणि शिकवण्याचं प्रशिक्षण कुठे झालं. ए१ शिकवणारा किमान बी२ असावा. ए२ झालेला ए१ शिकवू शकतो, पण त्याच्या चुकाही विद्यार्थी तशाच उचलतात आणि त्या बी१ ला बाहेर येतात. 'परीक्षा न देता प्रमाणपत्र' असा फोन आला तर तिथेच ठेवून द्यावा, कारण वकिलाती परीक्षा संस्थेकडून प्रमाणपत्राची खातरजमा करून घेऊ शकतात.