नाक उचललेल्या पिकअपसाठी चाके आणि टायर निवडताना

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक अमेरिकी पिकअप ट्रकचे नाक शेपटापेक्षा इंच-दोन इंच खाली असते. ही रचना मुद्दाम केलेली असते, कारण हौद्यात माल भरला किंवा मागे ट्रेलर जोडला की मागच्या स्प्रिंगा दबतात आणि गाडी सपाट होते. परंतु रिकामी गाडीही सपाटच दिसावी असे अनेक मालकांना वाटते, म्हणून ते पुढच्या शॉकअबवर साधारण दोन इंच उंची देणारा स्पेसर, म्हणजे जाड चकती, बसवून घेतात. यालाच लेव्हलिंग किट म्हणतात. पुढचा भाग उचलला गेला, की मोठ्या टायरांचा विचार ओघानेच येतो, आणि चुकाही बहुधा तिथूनच सुरू होतात. किटने मिळालेली जागा टायरच्या माथ्यावर असते. टायर घासतो तो मात्र स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर, चाकाच्या कमानीच्या पुढच्या किंवा मागच्या कडेला. तिथे किटमुळे जवळजवळ काहीच वाढत नाही.

आधी टायरवरचे आकडे पाहू. २७५/६५ आर१८ या मापातील २७५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १८ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. भिंत १७८.७५ मिमी भरते, ती वर आणि खाली अशी दोनदा धरून त्यात रिमचे ४५७.२ मिमी मिळवले, की एकूण व्यास ८१४.७ मिमी, म्हणजे सुमारे ३२.१ इंच येतो. नाक उचललेल्या गाड्यांसाठी पुष्कळदा निवडले जाणारे २८५/७० आर१७ हे माप याच रीतीने ८३०.८ मिमी, म्हणजे ३२.७ इंच निघते. रिम एक इंचाने लहान असूनही टायर मोठा झाला, कारण भिंत वाढली. दोन्ही व्यासांत फरक १६ मिमीचा असला, तरी जमिनीपासून आसाची उंची त्याच्या निम्मीच, ८ मिमीने वाढते.

खरी मेख ऑफसेट या दुसऱ्याच आकड्यात आहे. चाक ज्या पृष्ठभागाने हबवर, म्हणजे आसाच्या टोकाला ते बोल्टने जिथे बसते त्या भागावर, टेकते, तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर किंवा आत आहे, हे ऑफसेट सांगतो. ऑफसेट अधिक चिन्हाचा (+) असेल तर टेकणारा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला असतो आणि चाक गाडीच्या पोटात शिरते. ऑफसेट कमी करावा तसे चाक बाहेर येते. समजा मूळ चाक ७.५ इंच रुंद आणि +४४ ऑफसेटचे आहे, आणि त्याच्या जागी ९ इंच रुंद व शून्य ऑफसेटचे चाक बसवले. मध्यरेषा ४४ मिमी बाहेर आली, शिवाय रिमची वाढीव रुंदी दोन्ही बाजूंना १९-१९ मिमी वाटली गेली. म्हणून रिमची बाहेरची कड ६३ मिमी, तर आतली कड २५ मिमी बाहेर सरकली. गाडी रांगडी, रुंद छातीची दिसते हे खरे, आणि वरच्या कंट्रोल आर्मपासून, म्हणजे चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या दांड्यापासून, टायर दूर जातो हेही खरे.

आता हेच चाक वळवून पाहा. चाक स्वतःच्या मध्यातून वळत नाही. ते वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून, म्हणजे ज्यांवर चाक वळते त्या गोल सांध्यांमधून, जाणाऱ्या तिरक्या रेषेभोवती फिरते. त्या रेषेपासून टायर जितका बाहेर, तितका मोठा कंस त्याची बाहेरची कड काढते. साधी भूमिती लावली आणि वळणाचा कोन ३५ अंश धरला, तर टायरच्या त्रिज्येत वाढलेला प्रत्येक मिलिमीटर त्या कडेला पुढे-मागे सुमारे ०.८२ मिमी ढकलतो, आणि बाहेर सरकलेला प्रत्येक मिलिमीटर सुमारे ०.५७ मिमी. आपल्या उदाहरणात त्रिज्या ८ मिमीने वाढली, त्यामुळे कड साडेसहा मिमी सरकली. दहा मिमी जास्त रुंदीतले पाच मिमी बाहेरच्या बाजूला आले, त्यामुळे आणखी तीन मिमी. पण एकट्या ऑफसेटने तिला २५ मिमी ढकलले. टायर घासू लागला की दोष त्याच्या आकाराला दिला जातो आणि मडगार्डच्या आतले प्लास्टिक कापायला घेतले जाते, तेव्हा ही बेरीज कोणी केलेली नसते.

ऑफसेटचा परिणाम घासण्यापुरताच नाही. बॉल जॉइंटमधून जाणारी ती रेषा जमिनीला जिथे मिळते, तिथून टायरच्या टेकण्याच्या मध्यापर्यंतचे अंतर ऑफसेट जितका कमी करावा जवळपास तितकेच वाढते. एक चाक खड्ड्यात आदळले किंवा एकाच बाजूला ब्रेक अधिक लागला, की तो धक्का या वाढलेल्या तरफेमुळे स्टीअरिंगपर्यंत जोराने पोहोचतो, आणि हबच्या बेअरिंगवरचा भारही वाढतो. म्हणून माझ्या मते ऑफसेट मूळ चाकापेक्षा वीसेक मिलिमीटरहून जास्त कमी करू नये. बाहेर काढलेले चाक रस्त्यावरचा चिखल आणि खडे स्वतःच्याच दारांवर उडवते, हा त्यातला लहान त्रास.

चाक हबवर नीट बसते का, हे तर आधीच पाहायला हवे. फोर्ड एफ-१५० च्या सध्याच्या गाड्यांत सहा बोल्ट १३५ मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतात, शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० मध्ये १३९.७ मिमीच्या. फरक पाच मिलिमीटरहून कमी असल्याने नजरेला तो जाणवत नाही, पण एकाचे चाक दुसऱ्यावर चालत नाही.

भाराचा हिशेब इथे सर्वांत दुर्लक्षित राहतो. मोटारींसाठीचा टायर पिकअपवर बसवला, तर अमेरिकी नियमानुसार त्याची भारक्षमता १.१ ने भागून धरावी लागते. ११६ भारांकाचा, म्हणजे १२५० किलोचा टायर मग सुमारे ११३६ किलोचाच उरतो. लाइट ट्रकच्या जाड टायरवर, ज्याला एलटी म्हणतात, भारांक १२१ म्हणजे १४५० किलो लिहिलेला असतो. परंतु लोड रेंज ई या जास्त मजबूत प्रकारात ती क्षमता ८० पीएसआय हवेला लागू असते. भार मुख्यतः हवेचा दाब पेलतो, आणि तितकाच भार पेलण्यासाठी एलटी टायरला मूळ मोटार-टायरपेक्षा जास्त दाब लागतो. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीतला दाब मूळ टायरसाठी असल्याने तोच आकडा नव्या टायरला लावणे चुकीचे आहे. उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यातून तो ठरवावा. हौदा बहुधा रिकामाच राहणार असेल, तर ई प्रकारचा टायर घेऊन केवळ वजन आणि कडकपणा पदरी पडतो. त्यातही टायरच्या नक्षीजवळचे वजन गाडीबरोबर पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरतेही, त्यामुळे वेग वाढवताना आणि थांबताना तिथला एक किलो जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो.

३५ इंचांच्या टायरचा मोह अनेकांना होतो. मूळ ८१४.७ मिमीच्या तुलनेत त्याचा व्यास ९ टक्क्यांनी मोठा असतो: स्पीडोमीटर ६० मैल दाखवतो तेव्हा गाडी ६५ मैलांहून अधिक वेगाने धावत असते, आणि इंजिनाने चाकाला दिलेल्या त्याच पिळातून जमिनीवर मिळणारे बल ८ टक्क्यांनी घटते, ब्रेकचेही तसेच. नुसते लेव्हलिंग केलेल्या गाडीसाठी मी ३३ इंचांच्या आसपास थांबेन.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. किट बसवल्यानंतर टो आणि कॅम्बर हे चाकांचे कोन बदलतात, म्हणून किटनंतर, नवे टायर चढवण्याआधी अलाइनमेंट, म्हणजे कोनांची जुळवणी, करून घ्यावी, नाहीतर नव्या टायरची एक कड काही हजार मैलांतच झिजते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत स्टेपनीही त्याच व्यासाची घ्यावी. वेगळ्या व्यासाचे एक चाक पुढच्या-मागच्या आसांना शक्ती वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर आणि डाव्या-उजव्या चाकांना ती वाटणाऱ्या डिफरन्शियलवर ताण आणते. चार टायर विकत घेण्याआधी एकच चाक जोडून, ते उतारफळीवर चढवून पुढचे सस्पेन्शन दाबून धरावे, आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत कमानीच्या पुढच्या-मागच्या कडेला बोटभर जागा उरते का ते पाहावे.