उडी ओळखायची तर पाय बघा

टीव्हीवर फिगर स्केटिंग लागलं की नजर आधी पोशाखाकडे, मग हातांकडे आणि शेवटी हवेतल्या गिरक्यांकडे जाते. थोडे दिवस ती मुद्दाम बुटांवर ठेवून बघा. या खेळाचं बहुतेक सगळं शास्त्र तिथे, जेमतेम 4 मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर आहे.

हे पातं सुरीसारखं धारदार नसतं. त्याच्या तळाला लांबीभर उथळ पन्हळ कोरलेली असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकेक कड तयार होते: पायाच्या अंगठ्याकडची ती आतली, करंगळीकडची ती बाहेरची. शिवाय पातं पुढून मागे किंचित गोलाकार असतं, साधारण 2 मीटरहून थोड्या जास्त त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा तसं. म्हणून स्केटर एका बाजूला झुकला की तो सरळ न जाता वळणावर जातो. किती झुकला, कुठल्या कडेवर आहे आणि पुढे जातोय की मागे, एवढ्यावरून पुढची चाल ठरते. पात्याच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात, त्याला टो पिक म्हणतात. ते बर्फात रोवून काही उड्या घेतल्या जातात.

स्पर्धेत मुख्य उड्या सहा. टो लूप, फ्लिप आणि लुट्झ या दाते रोवून. साल्काव, लूप आणि ॲक्सेल या नुसत्या कडेवरून. बहुतेक स्केटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून पुढचं सगळं त्यांच्या हिशेबाने लिहिलं आहे. उलटं फिरणारा दिसला तर डावं-उजवं अदलाबदल करून घ्या. सहाही उड्या उतरतात एकाच जागी, उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, मागे घसरत. म्हणजे उतरताना बघून उडी ओळखता येत नाही. ती चढतानाच ओळखावी लागते.

सुरुवात ॲक्सेलपासून करा. समोर तोंड करून घेतली जाणारी ही एकच उडी. स्केटर डाव्या पायावर पुढे येतो आणि उजवा गुडघा जिन्याची उंच पायरी चढावी तसा वर टाकतो. तोंड पुढे करून उडायचं आणि पाठमोरं उतरायचं, त्यामुळे अर्धी गिरकी जास्तीची. तिहेरी ॲक्सेल म्हणजे साडेतीन गिरक्या.

लुट्झ आणि फ्लिपमध्ये मात्र मुरलेले प्रेक्षकही गोंधळतात. दोन्हींत डाव्या पायावर मागे जायचं आणि उजव्या पायाचे दाते रोवायचे. फरक फक्त डाव्या पायाच्या कडेचा: फ्लिप आतल्या कडेवरून, लुट्झ बाहेरच्या. फ्लिपच्या आधी सहसा झटकन एक वळण घेऊन स्केटर पाठमोरा होतो आणि लगेच उडतो. लुट्झच्या आधी तो रिंकच्या कोपऱ्याकडे बराच वेळ मागे घसरत जातो, खांद्यावरून मागे बघत. बाहेरच्या कडेवर त्याची वाट घड्याळाच्या दिशेने वळत असते आणि उडी घ्यायची असते उलट दिशेने. शरीराला हे नको असतं. म्हणून दाते रोवण्याच्या अगदी आधी डावा घोटा आत कलंडतो, कड बदलते आणि लुट्झची जवळपास फ्लिप होऊन बसते. चाहते या चुकीला फ्लुट्झ म्हणतात. संथ गतीतली फेरचित्रफीत लागली की डाव्या घोट्याचा कल बघा: शेवटपर्यंत बाहेर झुकलेला राहिला तर लुट्झ अस्सल.

उरलेल्या तिन्ही ओळखायला त्या मानाने सोप्या. लूपमध्ये स्केटर अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखा उजव्या पायावर दबतो, डावा पाय पुढे आडवा. साल्कावमध्ये डाव्या पायावरून उडताना उजवा पाय मागून गोल फिरून पुढे येतो. टो लूपमध्ये उजव्या पायावर मागे जाताना डाव्या पायाचे दाते रोवतात.

जोडउडीत, म्हणजे लागोपाठ घेतलेल्या उड्यांत, दुसरी उडी जवळजवळ नेहमी टो लूप किंवा लूपच का असते, याचं उत्तरही इथेच मिळतं. पहिली उडी उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर उतरते आणि तिथूनच चढणाऱ्या उड्या या दोनच. साल्काव किंवा फ्लिप जोडायची तर मध्ये ऑयलर नावाची छोटी उडी घेऊन डाव्या पायाच्या आतल्या कडेवर यावं लागतं.

आता गिरक्यांचं गणित. चौपट, म्हणजे चार गिरक्यांच्या उडीत स्केटर हवेत साधारण 0.7 सेकंद असतो, म्हणजे सुमारे 60 सेंटिमीटर उंची. उंची वेळेच्या वर्गाने वाढते, त्यामुळे हवेत 10 टक्के जास्त वेळ राहायचं तर उडी 21 टक्के उंच हवी. पायातली ताकद तेवढी पुरत नाही. मग वेग वाढवायचा. फिरकीचा जोर बर्फ सोडण्याआधीच मिळवलेला असतो, हवेत त्यात भर घालता येत नाही. पण हात छातीशी घट्ट आणि पाय घोट्याशी आवळले की तोच जोर लहान घेरात वाटला जातो आणि वेग सेकंदाला पाच गिरक्यांच्या पुढे जातो. आवळायला क्षणभर उशीर झाला किंवा हात लवकर उघडले की चौपटची दुप्पट, नाहीतर एकपट होते.

याची किंमत किती, हे 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युझुरू हान्यूच्या बाबतीत दिसलं. स्पर्धेत प्रत्येक स्केटर दोन कार्यक्रम सादर करतो, एक छोटा आणि एक मोठा. छोट्या कार्यक्रमात त्याचं पातं बर्फातल्या आधीच्या एका खळग्यात अडकलं, चौपट साल्कावची एकपट झाली आणि त्या घटकाला शून्य मिळालं. मोठ्या कार्यक्रमात त्याने सुरुवातीलाच चौपट ॲक्सेल घेतली, साडेचार गिरक्यांची. तिची मूळ किंमत, म्हणजे त्या उडीसाठी आधीच ठरलेले गुण, 12.5. गिरकी पाव वळणापेक्षा जास्त कमी पडली, म्हणून किंमत 80 टक्क्यांवर, म्हणजे 10 वर आली. तो पडलाही, त्यामुळे उडी किती नीट झाली यासाठीचा दर्जाचा गुण उणे 5, म्हणजे सर्वांत कमी. दर्जाची प्रत्येक पायरी मूळ किमतीच्या 10 टक्के, म्हणजे निम्मे गुण गेले. हाती राहिले 5, आणि पडल्याबद्दल एकूण गुणांतून आणखी 1 वजा. मूळ किमतींच्या त्याच तक्त्यात तिहेरी लुट्झची किंमत 5.9 होती, ती अधिक 3 दर्जाने उतरवली असती तर 7.67 मिळाले असते. तरीही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चौपट ॲक्सेल म्हणून नोंदली गेलेली ती पहिली उडी. हान्यू चौथा आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिनने लेक प्लॅसिडमध्ये ती पूर्ण गिरक्यांनिशी उतरवली.

दर्जा उणे 5 ते अधिक 5 या पट्टीवर नऊ पंच ठरवतात. प्रत्येक घटकाचा सर्वांत वरचा आणि खालचा गुण काढून उरलेल्यांची सरासरी घेतात. कुठली उडी होती, गिरकी भरली की नाही आणि कड बरोबर होती का, हे पंच ठरवत नाहीत. ते काम वेगळ्या तांत्रिक गटाचं. घरबसल्या तुम्हीही करू शकता: उतरताना उजवा पाय बर्फाला टेकला त्या क्षणी पातं कुठे तोंड करून होतं ते बघा. पातं आडवं टेकून बर्फावरच उरलेलं वळण पूर्ण करत असेल आणि बर्फाचा भुगा उडत असेल, तर गिरकी कमी पडली आहे.

उड्यांखेरीज रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य यांना प्रत्येकी 10 पैकी गुण असतात. यातलं कौशल्य ओळखायला मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो कान. ऑलिंपिकचा रिंक 60 मीटर लांब असतो. चांगला स्केटर दोन-चार ढकलांत तो पार करतो आणि खोल कडेवर वळताना बर्फ कापल्याचा एकसंध आवाज येतो. कच्च्या स्केटरच्या पायाखालून खरखर ऐकू येते आणि वेग टिकवायला तो सारखा पाय मारत राहतो. समालोचनाचा आवाज कमी करून एक कार्यक्रम असा ऐकून बघा.

सराव सुरू करायला ज्युनिअर ग्रां प्री उत्तम. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत होणारी ही मालिका आयएसयू या जागतिक संघटनेच्या यूट्यूब वाहिनीवर दाखवली जाते. मुलांच्या उड्यांचा वेग मोठ्यांपेक्षा कमी, चुका जास्त, त्यामुळे डोळा लवकर तयार होतो. पहिल्या दिवशी फक्त ॲक्सेल ओळखा. दुसऱ्या दिवशी दाते रोवले की नाही एवढंच बघा. लुट्झ आणि फ्लिपच्या कडा आठवड्याभराने. तुमच्या घरातलं कुणी चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग शिकत असेल तर त्यालाही शेजारी बसवा, कारण तिथेही साल्काव, लुट्झ आणि ॲक्सेल हीच नावं चालतात.