गुंड्या गोल्डन नाही, लॅब आहे

सकाळी साडेपाचला माझ्या कुत्र्याला, गुंड्याला, घेऊन ग्वाल्हेरच्या कटोरा तालाच्या बाजूने निघालं की आठवड्यातून दोनदा तरी कुणी थांबवतंच. "भाईसाब, गोल्डन है ना?" मी सांगतो, लॅब आहे, म्हणजे लॅब्रॅडॉर. समोरचा गुंड्याच्या पिवळ्या पाठीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि कुत्रा घेताना मला कुणीतरी टोपी घातली असणार अशा चेहऱ्याने पुढे जातो.

त्यांचीही चूक नाही. लॅब्रॅडॉर काळा, पिवळा आणि चॉकलेटी अशा तीन रंगांत येतो, आणि त्यातला पिवळा सायीच्या रंगापासून थेट कोल्ह्याच्या तांबूसपणापर्यंत कुठलाही असू शकतो. गोल्डन रिट्रीव्हरही फिक्या सायीपासून गडद सोनेरीपर्यंत असतो. तेव्हा रंग सोडा, शेपूट बघा. लॅबची शेपूट बुडाशी जाड, टोकाला निमुळती, वर आखूड दाट केस, अगदी पाणमांजराची. गोल्डनच्या शेपटीला झालर असते, आणि तीच झालर पोटाखाली, मांड्यांवर, पुढच्या पायांमागेही. पंचाईत होते ती सहा-सात आठवड्यांच्या पिल्लांत. तेव्हा झालर आलेली नसते, दोन्हीकडे नुसते कापसाचे गोळे. म्हणून पिल्लाची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणारा आई दाखवायला का-कू करायला लागला तर चहा पिऊन परत या.

दोघांचं मूळ काम एकच: बंदुकीने पाडलेला पक्षी दात न लावता उचलून मालकाकडे आणणं. लॅबचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे. ते इंग्लंडात नेऊन ही जात घडवली गेली, आणि नाव मात्र पडलं शेजारच्या लॅब्रॅडॉर प्रदेशाचं. गोल्डन स्कॉटलंडचा. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या गृहस्थांनी १८६८ साली पिवळा रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची कुत्री यांची जोडी लावली, तिथून हे घराणं सुरू झालं. म्हणजे दोघेही थंडगार पाण्याचे गडी, आणि आपण त्यांना ग्वाल्हेरच्या मे महिन्यात आणून बसवलं आहे.

आता स्वभाव. लॅबचा स्वभाव पोटापासून सुरू होतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मुरैन्याहून आलेला अर्धा किलो गजकाचा, म्हणजे तिळाच्या मिठाईचा, डबा मी टेबलावर ठेवला आणि दार उघडायला गेलो. दोन मिनिटं, फार तर तीन. परत आलो तेव्हा पुठ्ठ्याचा एक कोपरा उरला होता आणि गुंड्या मिशांना लागलेले तीळ चाटत होता. रात्रभर त्याला अंगणात किती वेळा नेलं ते मोजलं नाही. गजकावर निभावलं, मनुका, चॉकलेट किंवा कांदा असता तर थेट डॉक्टरच गाठावा लागला असता.

ही नुसती हावरेपणाची गोष्ट नाही. २०१६ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना लॅबच्या 'पीओएमसी' नावाच्या जनुकात एक तुकडा गळालेला सापडला. साधारण दर चार लॅबमध्ये एकाला हा दोष असतो, आणि तो असला की 'पोट भरलं' हा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. अंधांना वाट दाखवणाऱ्या लॅबमध्ये तर हे प्रमाण कितीतरी जास्त निघालं. त्याचं नवल वाटायला नको. जो बिस्किटासाठी जीव टाकतो तो शिकतोही पटापट. इथून जवळच टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, तिथेही लॅब असतातच. पण फौजेतला लॅब दिवसभर राबतो आणि आपला सोफ्यावर पडून असतो, एवढं ध्यानात ठेवून ताट वाढावं. ४८ लॅबवर झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ज्यांना चतुर्थांश कमी खायला मिळालं ते जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. आमच्याकडे आजी "बिचारा बघतोय" म्हणून पोळी टाकायची. हा अभ्यास तिला वाचून दाखवला. आता ती अर्धीच पोळी टाकते.

गोल्डनचं ताट सोपं, मन नाजूक. मेव्हण्याकडे मुरारला रेशमा नावाची गोल्डन आहे. बापलेकांत मोबाईलवरून आवाज चढला की ती उठते, कुणाची तरी एक चप्पल तोंडात धरते आणि दोघांच्या मधोमध येऊन उभी राहते. गुंड्याला ओरडलं तर तो पाच मिनिटांत विसरतो. रेशमा संध्याकाळपर्यंत पलंगाखाली असते. तिला धाकाने शिकवायला गेलात तर ती शिकणार काहीच नाही, नुसती बिचकेल. राखणीच्या नावाने मात्र दोघेही सारखेच: चोर आला तर एक त्याला चप्पल आणून देईल, दुसरा त्याचे खिसे हुंगेल.

केसांबद्दल लोकांचा एक पक्का गैरसमज आहे: लॅबचे केस आखूड म्हणजे गळणार नाहीत. गळतात, भरपूर. आणि ते आखूड, ताठ केस सतरंजीत असे रुततात की झाडूने निघत नाहीत. गोल्डनचे निदान गोळे होऊन कोपऱ्यात जमतात. पण त्याला एक दिवसाआड तरी कंगवा हवाच, कानामागे आणि काखेत तर रोज. पावसाळ्यात त्या झालरीत गोचीड शिरली तर दिसत नाही, बोटांनी चाचपूनच सापडते.

गेल्या उन्हाळ्यात मेव्हण्याने दया येऊन रेशमाचे केस मशीनने उतरवून आणले. भादरणारा म्हणाला, गारवा मिळेल. मिळाला नाही. दुहेरी केसांतला आतला मऊ थर विंचरून काढला की हवा खेळते, वरचा थर मात्र उन्हापासून राखतो, तोच गेला. शिवाय परत आलेले केस कुठे कापसासारखे, कुठे विरळ. अजून नीट झालेले नाहीत.

उन्हाचं गणित दोघांना सारखंच. कुत्र्याचा घाम जीभच. धापा टाकताना तोंडातली ओल वाफ होऊन उडते आणि अंग निवतं. कूलरही याच तत्त्वावर चालतो, म्हणून मेच्या कोरड्या हवेत दोन्ही चालतात आणि जुलैच्या दमट दुपारी दोन्ही हात टेकतात. तेव्हा पंखा, सावली, गार फरशी, आणि फिरणं उन्हं वर यायच्या आत. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवली नाही तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. धाप थांबत नसेल, तोल जात असेल तर साध्या पाण्याने भिजवत, पंख्याखाली धरत दवाखाना गाठायचा.

भाचीला आता पिल्लू घ्यायचं आहे आणि तिला गोल्डनच हवा. रोज कंगवा फिरवीन म्हणते. तिच्या स्वतःच्या केसांचा गुंता बघून मी लॅब सुचवला आहे.